लॉगमध्ये वेळ एकच, तरी नोंद ‘बदललेली’: टाइमस्टॅम्पच्या अचूकतेचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

ही हकीकत एका संस्थेच्या अंतर्गत कामकाजाच्या प्रणालीची आहे. एकाच नोंदीवर अनेक जण आळीपाळीने काम करतात. एक माहिती भरतो, दुसरा तपासतो, तिसरा मंजुरी देतो. सर्व्हर जावामध्ये लिहिलेला, डेटाबेसमधली टेबलं आणि जावातले ऑब्जेक्ट (नोंदींची मेमरीतली रूपं) यांचा मेळ घालायला हायबरनेट, आणि खाली पोस्टग्रेस हा डेटाबेस. अहवालांसाठी मायएसक्यूएलचा वेगळा डेटाबेस होता, आणि एक पायथन स्क्रिप्ट दर काही मिनिटांनी बदललेल्या नोंदी तिकडे नेऊन टाकत असे. संस्था ओळखू येईल असा तपशील मी काढून टाकला आहे. तांत्रिक घटनाक्रम जसा घडला तसाच ठेवला आहे.

दोघांनी एकच नोंद एकाच वेळी उघडली, तर नंतर सेव्ह करणाऱ्याने आधीच्याचं काम नकळत पुसू नये, म्हणून प्रत्येक नोंदीवर ‘शेवटचा बदल’ हा टाइमस्टॅम्प, म्हणजे वेळेचा शिक्का, होता. पान उघडताना तो ब्राउझरकडे जायचा आणि सेव्ह करताना तसाच परत यायचा. सर्व्हर डेटाबेसमधून नोंद पुन्हा वाचायचा आणि दोन्ही वेळा तंतोतंत जुळल्या तरच बदल स्वीकारायचा. जुळल्या नाहीत तर ‘ही नोंद दरम्यान दुसऱ्या कोणीतरी बदलली आहे’ असा संदेश. ऑप्टिमिस्टिक लॉकिंगचा हा जुना, सरळ प्रकार आहे, आणि तो कित्येक वर्षं बिनतक्रार चालला.

तो का चालला, हे आम्हाला फार उशिरा कळलं. जावा ८ मध्ये ‘इन्स्टंट’ या प्रकारात नॅनोसेकंदापर्यंत, म्हणजे सेकंदाच्या पुढे नऊ आकड्यांपर्यंत जागा आहे. पण त्या आवृत्तीत घड्याळाकडून येणारी वेळ मिलिसेकंदाचीच असायची. पहिले तीन आकडे खरे, पुढची सहा शून्यं. पोस्टग्रेसचा टाइमस्टॅम्प मायक्रोसेकंद, म्हणजे सहा आकडे ठेवतो. तीन आकड्यांची वेळ सहा आकड्यांच्या जागेत जशीच्या तशी मावत होती, म्हणून आत गेलेली आणि बाहेर आलेली वेळ नेहमी सारखी निघायची. हे कोणी ठरवून केलेलं नव्हतं. तसं ठरलेलं कुठे लिहून ठेवलेलंही नव्हतं.

तक्रार

मग आम्ही सर्व्हर जावा १७ वर नेला. तयारी नीट केली होती, चाचण्या हिरव्या, म्हणजे यशस्वी, होत्या, बदल शांतपणे पार पडला. काही दिवसांनी तक्रारी येऊ लागल्या: ‘नोंद माझ्याशिवाय कोणी उघडलेलीच नाही, तरी दुसऱ्याने बदलली असं सांगतंय.’ पान पुन्हा लोड केलं की सगळं सुरळीत. त्यामुळे मदतकक्षाने हाच सल्ला द्यायला सुरुवात केली, आणि तक्रार आमच्यापर्यंत पोचली ती ‘कधीकधी होतं’ या शेऱ्यासह.

‘कधीकधी’ या शब्दाने आमचे बरेच दिवस खाल्ले. आम्ही दोघांच्या धडकेचा शोध घेत बसलो. पार्श्वभूमीला चालणारी कामं, दोनदा दाबलं जाणारं बटण, मधला कॅशे, सगळं तपासलं. शेवटी एका सहकारीने तक्रार करणाऱ्याच्या शेजारी बसून तो काय करतो ते नुसतं पाहिलं. पहिला सेव्ह नेहमी व्हायचा. पान तसंच उघडं ठेवून केलेला दुसरा सेव्ह जवळजवळ नेहमी फसायचा. म्हणजे हे कधीकधी होत नव्हतं. ते एका विशिष्ट क्रमाने वागणाऱ्यांना होत होतं, आणि बहुतेक लोक तसे वागत नव्हते एवढंच.

लॉगमध्ये काय दिसत होतं

नकाराच्या जागी आम्ही दोन्ही वेळा लॉगमध्ये छापल्या. ब्राउझरकडून आलेली १०:१५:३०.१२३. डेटाबेसमधून वाचलेली १०:१५:३०.१२३. तरी तुलना ‘वेगळ्या’ असं सांगत होती. त्या संध्याकाळी टाइमझोनपासून ते दोन वेगळ्या प्रकारच्या ऑब्जेक्टच्या तुलनेपर्यंत सगळ्या शंका घेऊन झाल्या. दुसरी शंका अगदीच निराधार नव्हती. जावामध्ये जुन्या ‘डेट’ला विचारलं की तू आणि हा ‘एसक्यूएल टाइमस्टॅम्प’ समान का, तर उत्तर हो येऊ शकतं, आणि तोच प्रश्न उलटा विचारला तर नाही. पण आमच्याकडे दोन्ही बाजूंना ‘इन्स्टंट’च होता.

दोष छापण्यात होता. लॉगचा साचा सेकंदापुढे तीनच आकडे दाखवायचा. पूर्ण मूल्य छापल्यावर एक वेळ निघाली १०:१५:३०.१२३४५६७८९ आणि दुसरी १०:१५:३०.१२३४५७. एकाच क्षणाची ही दोन रूपं होती.

उलगडा असा. जावा ९ पासून घड्याळाची वेळ मिलिसेकंदाहून बारीक मिळू लागली, आणि लिनक्सवर जावा १५ पासून ती नॅनोसेकंदापर्यंत गेली. आमचे सर्व्हर लिनक्सवर होते. सेव्ह करताना मेमरीतल्या ऑब्जेक्टवर नऊ आकड्यांची वेळ बसायची. पोस्टग्रेसचा ड्रायव्हर (जावा आणि डेटाबेस यांना जोडणारा भाग) ती सहा आकड्यांना जवळच्या अंकात आणून पाठवायचा. मेमरीतल्या ऑब्जेक्टला याचा पत्ताच नसायचा, आणि ब्राउझरला उत्तर जायचं ते त्या ऑब्जेक्टवरून, नऊ आकड्यांसकट. पुढच्या सेव्हला ब्राउझर नऊ आकडे परत करणार, डेटाबेस सहा देणार. शेवटचे तीन आकडे योगायोगाने शून्य असतील तरच जुळणी, म्हणजे हजारातून साधारण एकदा. पान लोड केलं की ब्राउझरकडे डेटाबेसची सहा आकड्यांची वेळ यायची आणि तक्रार मिटायची.

चाचण्या हिरव्या कशा राहिल्या

या प्रश्नावर मला सगळ्यात जास्त थांबावंसं वाटतं, कारण जावाच्या घड्याळातला बदल आमच्या हातात नव्हता, पण चाचण्या होत्या.

आमच्या लॅपटॉपवर मॅकओएस होतं. तिथे हेच जावा १७ मायक्रोसेकंदाची वेळ देतं. सहा आकडे सहाच्या जागेत गेले की काही गळत नाही, म्हणून आमच्यापैकी कोणाच्याही मशीनवर दोष दिसणं शक्य नव्हतं. पण कोड जुळवणारा बिल्ड सर्व्हर लिनक्सचा होता आणि त्याच चाचण्या तिथेही चालत होत्या. तिथे त्या का फसल्या नाहीत?

कारण चाचणी नोंद सेव्ह करायची आणि त्याच सेशनमध्ये (हायबरनेटच्या कामाच्या एका सत्रात) लगेच परत मागायची. हायबरनेट आपल्या सेशनमध्ये आधीच असलेली एन्टिटी (नोंदीचा ऑब्जेक्ट) आयडीवरून मागितली की तोच ऑब्जेक्ट हातात देतं, डेटाबेसकडे जातच नाही. आम्ही ‘लिहिलेलं परत वाचतो’ असं समजत होतो आणि प्रत्यक्षात ऑब्जेक्टची तुलना त्याच्याशीच करत होतो. फ्लश करून, म्हणजे साठलेले बदल डेटाबेसकडे पाठवून, सेशन रिकामं केलं असतं, तर जावा १७ वरची पहिलीच धाव लाल झाली असती.

समोर असलेले पर्याय

कॉलमची अचूकता वाढवणं पोस्टग्रेसमध्ये शक्यच नाही. सहा आकड्यांपुढे तो जात नाही. नॅनोसेकंद मोठ्या पूर्णांकात साठवण्याची सूचना आली, पण मग डेटाबेसमध्ये हाताने क्वेरी मारणाऱ्या प्रत्येकाला न वाचता येणारा आकडा दिसला असता, आणि त्या बारकाईची गरज कोणालाच नव्हती.

सेव्ह झाल्यावर नोंद डेटाबेसमधून पुन्हा वाचायची, हा पर्याय बरोबर उत्तर देतो. प्रत्येक सेव्हमागे एक जादा फेरी पडते, हा त्याचा एक तोटा. आम्हाला खटकलं ते दुसरंच: ज्या कोडमध्ये कोणी पुन्हा वाचायला विसरेल तिथे दोष परत येईल.

मिलिसेकंदाच्या आतला फरक असेल तर वेळ एकच मानायची, या पर्यायावर सगळ्यात जास्त वाद झाला, कारण तो एका ओळीत होत होता आणि तक्रारी त्याच दिवशी बंद झाल्या असत्या. मी त्याला विरोध केला आणि आजही करेन. ही तुलना एकाच कामासाठी आहे, दुसऱ्याचा बदल पुसला जाऊ नये. तिला सैल करणं म्हणजे त्या मिलिसेकंदात झालेला खरा बदल गिळायला परवानगी देणं. माणसं इतक्या जवळून सेव्ह करत नाहीत हे खरं, पण आमच्याकडे नोंदी बदलणारी स्वयंचलित कामंही होती, आणि त्यांच्यासाठी एक मिलिसेकंद हा मोठा काळ आहे.

मग उरले दोन: वेळ जिथे जन्मते तिथेच ती सहा आकड्यांवर छाटायची, किंवा तुलनेसाठी वेळ वापरणं सोडून प्रत्येक बदलाला एकने वाढणारा पूर्णांक, म्हणजे व्हर्जन क्रमांक, आणायचा. दुसरा मार्ग मुळातून बरोबर होता. पण त्यासाठी प्रत्येक टेबलात कॉलम, प्रत्येक पडद्यात (स्क्रीनमध्ये) बदल आणि एपीआय वापरणाऱ्या इतर दोन प्रणालींशी बोलणं लागणार होतं. आम्ही आत्ता छाटायचं आणि व्हर्जन पुढच्या टप्प्यात आणायचं असं ठरवलं.

पहिला उपाय, आणि तो कुठे अपुरा पडला

पहिल्या प्रयत्नात छाटणी एन्टिटीच्या सेटरमध्ये, म्हणजे मूल्य भरणाऱ्या फंक्शनमध्ये, टाकली. ती चालली नाही. आमच्या एन्टिटींवर अ‍ॅनोटेशन (हायबरनेटसाठीच्या खुणा) फील्डवर, म्हणजे मूल्य जिथे राहतं त्या जागेवर, होती, आणि अशा वेळी हायबरनेट थेट फील्डमध्ये लिहितं, सेटरला विचारत नाही. बदलाची वेळ हायबरनेटच भरत होतं.

दुसऱ्या प्रयत्नात सेव्हच्या आधी चालणाऱ्या लिसनरमध्ये छाटणी नेली. पडदे सुधारले. पण एका क्वेरीने अनेक नोंदी बदलणारी कामं लिसनरमधून जातच नाहीत, आणि बाहेर पाठवल्या जाणाऱ्या घटनांवर वेळ वेगळ्या ओळीत, स्वतंत्रपणे घेतली जात होती. तेव्हा कुठे आम्ही साधा प्रश्न विचारला: या कोडमध्ये ‘आत्ताची वेळ’ किती ठिकाणी विचारली जाते? कोणालाच सांगता येईना. शोधल्यावर डझनावारी जागा निघाल्या.

टिकलेला उपाय तिसरा. सगळ्या कोडला एकच घड्याळ दिलं, आणि ते घड्याळ मायक्रोसेकंदाच्याच टप्प्यांनी पुढे सरकतं. जावाच्या ‘क्लॉक’मध्ये ही सोय आधीपासून आहे; टप्पा एक हजार नॅनोसेकंदांचा द्यायचा एवढंच. थेट वेळ विचारणारी ओळ कोणी नव्याने लिहिली तर बिल्ड फसेल असा नियमही घातला. छाटलेली वेळ ड्रायव्हरला बदलावी लागत नाही, म्हणून मेमरीतली आणि टेबलातली वेळ एकच राहते.

तपास चालू असताना सापडलेलं दुसरं प्रकरण

तक्रारी थांबल्या होत्या आणि विषय मिटवता आला असता. पण एव्हाना आम्हाला एक सवय लागली होती: वेळ ज्या ज्या सीमेवरून जाते तिथे ती किती आकड्यांची होते हे मोजायचं. या सीमांवर एकमत कुठेच नाही. ऑरॅकलचा ‘डेट’ सेकंदावर थांबतो. एसक्यूएल सर्व्हरचा जुना ‘डेटटाइम’ सेकंदाच्या तीनशेव्या भागांत चालतो, म्हणून तिथे मिलिसेकंदाचा शेवटचा अंक ०, ३ किंवा ७ च दिसतो. पायथनचा ‘डेटटाइम’ सहा आकड्यांचा, जावास्क्रिप्टचा ‘डेट’ तीन आकड्यांचा.

आणि मायएसक्यूएल? ५.६.४ या आवृत्तीपासून तो सहा आकडे ठेवू शकतो, पण कॉलमवर तसं सांगितलं तरच. नुसतं ‘डेटटाइम’ लिहिलं तर शून्य आकडे. अहवालांच्या टेबलात नुसतं ‘डेटटाइम’ होतं. शिवाय मायएसक्यूएल जादा आकडे टाकून देत नाही, जवळच्या पूर्ण सेकंदावर नेतो. १०:१५:२९.७०० तिथे १०:१५:३० म्हणून बसते.

आता स्क्रिप्टकडे पाहू. अहवालाच्या टेबलातली सर्वात अलीकडची वेळ घ्यायची, आणि मूळ डेटाबेसला विचारायचं की यानंतर बदललेल्या नोंदी दे. समजा शेवटची नेलेली नोंद २९.७०० ची. टेबलात ती ३० झाली. तेवढ्यात कोणी २९.८५० ला दुसरी नोंद बदलली. पुढच्या फेरीत स्क्रिप्ट ३० च्या पुढचं मागते. ही नोंद ३० च्या अलीकडची आहे. ती कधीच जात नाही. कोणी पुन्हा बदलेपर्यंत अहवालात तिची जुनीच आवृत्ती राहते.

यात कुठेही त्रुटीचा संदेश नाही. कोणाचा सेव्ह अडला नाही, कोणी फोन केला नाही. जावा ८ वरही हे घडत होतं, कारण मिलिसेकंदसुद्धा पूर्ण सेकंदावर जातातच. वेळ खाली छाटली गेली असती तर काही नोंदी दोनदा आल्या असत्या, आणि दोनदा आलेली नोंद निदान दिसते. वर गेलेल्या वेळेने त्या गाळल्या. मायएसक्यूएलपासूनच निघालेला मारियाडीबी हा डेटाबेस मूळ सेटिंगमध्ये छाटतो. तिथे हीच स्क्रिप्ट निभावली असती. महिनाअखेरीला २३:५९:५९.५०० नंतर झालेला बदल पुढच्या महिन्याच्या पहिल्या तारखेला मोजला जात होता, हेही त्यातूनच कळलं.

दोन्ही टेबलांची आयडीनुसार तुलना केली. जुन्या राहिलेल्या नोंदी थोड्या होत्या, पण होत्या. अहवाल वापरणाऱ्यांना आम्ही लेखी कळवलं आणि ते आकडे दुरुस्त करून दिले. ‘इतक्या थोड्यासाठी कशाला सांगायचं’ असं म्हणणारेही होते. ज्या आकड्यावर कोणी निर्णय घेतला असेल तो चुकीचा होता हे त्याला कळायला हवं, यावर मी अडून बसलो.

कॉलम सहा आकड्यांचा करून हा दोष पूर्ण जात नाही, हे आम्हाला दुरुस्ती करतानाच कळलं. बदलाची वेळ सेव्हच्या क्षणी ठरते, पण नोंद इतरांना दिसते ती ट्रान्झॅक्शन (एकत्र होणाऱ्या बदलांचा गट) कमिट, म्हणजे पक्कं, झाल्यावर. लांब चाललेलं ट्रान्झॅक्शन जुनी वेळ घेऊन उशिरा उगवतं, आणि तोवर स्क्रिप्ट त्याच्या पुढे गेलेली असते. अचूकता कितीही वाढवा, हे राहतंच. म्हणून स्क्रिप्ट आता प्रत्येक फेरीत दहा मिनिटं मागे जाऊन वाचते आणि आधी आलेली नोंद आयडीवरून ओळखून जागच्या जागी अद्ययावत करते. त्याहून लांब ट्रान्झॅक्शन चालू नये म्हणून मर्यादा घातली. डेटाबेसच्या बदल-नोंदवहीतून थेट बदल उचलण्याचा पर्याय जास्त पक्का होता, पण तो चालवायचा अनुभव आमच्यापैकी कोणालाच नव्हता.

परिणाम

पहिल्या प्रकरणाच्या तक्रारी एकच घड्याळ आल्यावर बंद झाल्या. पण काही आठवड्यांनी एका नव्या पडद्यावर नेमका तोच संदेश परत दिसला. तो पडदा लिहिणाऱ्याने वेळेवरून यादी लावण्यासाठी मिळालेला टाइमस्टॅम्प जावास्क्रिप्टच्या ‘डेट’मध्ये घातला आणि सेव्ह करताना तिथूनच परत पाठवला. सहाचे तीन आकडे झाले. त्याने काहीही वावगं केलं नव्हतं. वेळ म्हणून दिलेली गोष्ट त्याने वेळ म्हणून वापरली होती. या प्रसंगानंतर व्हर्जन क्रमांक ‘पुढच्या टप्प्यात’ राहिला नाही. तीन टेबलांपासून सुरुवात करून तो सगळीकडे नेला, आणि टाइमस्टॅम्प माणसांना दाखवण्यापुरता उरला.

आज पुन्हा करायचं तर

व्हर्जन क्रमांक आधीच आणला असता. छाटणीचा टप्पा वाया गेला नाही, एकच घड्याळ इतर कामांतही उपयोगी पडलं. पण तक्रारी थांबल्यावर दुसऱ्या टप्प्याची निकड ओसरली आणि तो जवळजवळ राहूनच गेला होता. हा निर्णय माझा होता. लॉगचा साचा तर मी पहिल्याच दिवशी बदलला असता. तुलना ज्या बारकाईने होते त्याच बारकाईने मूल्य छापलं पाहिजे. तीन आकड्यांनी आमची एक अख्खी संध्याकाळ चुकीच्या वाटेवर घालवली.

आवृत्ती बदलण्यापूर्वी घड्याळाची बारकाई बदलते का हे कोणी तपासेल असं मला आजही वाटत नाही, आणि तशी अपेक्षा ठेवणं रास्तही नाही. म्हणून ते काम एका चाचणीकडे दिलं आहे. तिच्यात घड्याळाच्या मुळाशी ३१ डिसेंबर, २३:५९:५९.९९९९९९९९९ ही वेळ ठेवली जाते. नोंद सेव्ह होते, फ्लश होतो, सेशन रिकामं होतं, नोंद परत वाचली जाते आणि दोन्ही वेळा पूर्ण आकड्यांनिशी ताडल्या जातात. छाटणी मुद्दाम काढून ती एकदा चालवून पाहिली. ड्रायव्हरने नोंद १ जानेवारीत नेऊन ठेवली आणि चाचणी लाल झाली.